धामच्या अल्याड-पल्याड

विनोबा भावे यांच्या पवनारच्या आश्रमाबद्दल छापील मजकूर भरपूर मिळतो. आमच्या घरात मात्र तो आश्रम तीन तोंडांनी सांगितला जायचा, आणि त्या तिघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. माझे आजोबा, म्हणजे आबाजी, विनोबांना मानायचे आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचेही. आजीचं माहेर सुरगावचं. तिच्या लेखी विनोबा म्हणजे सकाळी सकाळी गावात येणारा एक हाडकुळा माणूस. आचार्य, संत वगैरे सगळं नंतरचं. तिसरी माझ्या आईची मावशी. साठच्या दशकात काही महिने ती आश्रमात राहिली आणि परत आली. ती का आली, हे कुणी तिला विचारत नसे. कधी तरी तीच आपणहून सांगायची.

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठेक किलोमीटरवर धाम नदी लागते. पलीकडे टेकाडावर आश्रम आहे, तर अलीकडच्या गावाखाली फार जुनं गाव पुरलेलं आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं इतिहासकार वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. गांधीजींच्या अस्थी 12 फेब्रुवारी 1948 रोजी याच नदीत सोडल्या. पात्रातल्या खडकावरची छत्री त्याची आठवण म्हणून उभी आहे, आणि दर वर्षी त्या तारखेला इथं सर्वोदय मेळा भरतो. लहानपणी आमच्यासाठी तो मेळा म्हणजे फुटाणे, गर्दी आणि न कळणारी भाषणं होती.

टेकाडावरचा बंगला जमनालाल बजाजांचा. 1938 साली विनोबांची प्रकृती इतकी ढासळली होती की वजन 88 पौंडांवर आलं होतं. थंड हवेच्या ठिकाणी जा, असं गांधीजींनी सांगितलं, तर हे निघाले पवनारला. वर्ध्याच्या उन्हाळ्याची ज्याला कल्पना आहे त्याला यातली गंमत कळेल. 7 मार्चला त्यांनी पूल ओलांडला तो सगळ्या कामांचे विचार मागं ठेवून. धामच्या पलीकडचं म्हणून जागेला परंधाम नाव दिलं. मग रोज थोडं थोडं आवार खणायला सुरुवात केली. आजारी माणसानं खणायचं, हे औषध कुठल्या वैद्यानं सांगितलं असेल कोण जाणे. पण अंग भरून आलं.

त्या खणण्यातच एकदा कुदळ दगडाला लागली आणि राम-भरताच्या भेटीचं शिल्प वर आलं. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी हीच भेट डोळ्यांपुढं उभी केली होती. साने गुरुजींनी ती प्रवचनं लिहून घेतली होती. त्यामुळे विनोबांना ही मूर्ती म्हणजे खूणगाठ वाटली, आणि ती आजही आश्रमात पुजली जाते. आबाजी ही गोष्ट सांगताना मिशीत हसायचे. “आमच्या पट्ट्यात कोनाच्याबी वावरात नांगर खोल घातला तं एखांदा देव लागतेच,” ते म्हणायचे. “फरक येवढाच का आमी त्याले बांधावर ठेवतो अन् पुढं नांगरतो.” यात टवाळी नव्हती. शेतकऱ्याला जमिनीखालच्या देवापेक्षा वरच्या पिकाची काळजी जास्त, एवढंच त्यांना सांगायचं असे.

आजीची गोष्ट 1946 च्या सुमाराची, ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. विनोबा तुरुंगातून सुटून परंधामला आले होते आणि रोज खांद्यावर फावडं टाकून तीनेक मैलांवरच्या सुरगावला चालत जात होते. काम एकच: गावच्या वाटांवरचा मैला काढायचा, खड्ड्यात टाकायचा, वर माती लोटायची. ऊन, पाऊस, थंडी, काही असो, खाडा नाही. त्या काळी हे काम एका जातीच्या कपाळी लिहून गाव मोकळं झालेलं होतं. देशभर ज्याचं नाव झालं होतं, 1940 च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधींनी ज्याला पहिला सत्याग्रही निवडलं होतं, असा ब्राह्मण घरातला माणूस हे काम करतो, हे सुरगावच्या पचनी पडायला वेळ लागला.

एकदा नदीला पूर आला. पलीकडे जाता येईना, तेव्हा त्यांनी काठावरूनच पल्याडच्या माणसाला हाक मारली आणि सांगितलं की देवळात जा, देवाला कळव, गावाची घाण काढणारा येऊन गेला, पुरामुळे अडला. ही आठवण विनोबांनीही सांगून ठेवली आहे. आजीच्या तोंडून मात्र ती पुढं सरकायची. “देवाले निरोप पोचला का नाही मले ठाव नाही,” ती म्हणायची, “बाया मात्र त्या दिवशी बोलत होत्या का आता दारापुढचं कोन काढंल? फुकटचा मानूस भेटला का लोकाइले गोडच लागते, बाई.” त्या आठवड्यात तिच्या बापानं घरामागं खड्डा खणला. त्याला कुणी उपदेश केला नव्हता. लाज वाटली म्हणून खणला, असं आजी म्हणे. मग तिच्या घरापुरता तरी तो खड्डा राहिला, आणि पुढं त्यातलं खत परसातल्या वांग्यांना जाऊ लागलं.

आश्रम आणि निसर्ग असा विषय निघाला की मला आधी हा खड्डा आठवतो. आज आपण ‘निसर्गाशी सुसंवाद’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं झाडं, पक्षी, मातीच्या भिंती येतात. विनोबांची सुरुवात तिथून झालेली दिसत नाही. त्यांचा प्रश्न असा होता की माझ्या जगण्याचं ओझं कोण वाहतं? माझा मैला कोण उचलतं, माझं सूत कोण कातून देतं, माझ्या भाकरीसाठी कुणाच्या खांद्यावर जू आहे? वर्ध्याजवळच्या नालवाडीत असताना ते आपल्या सूतकताईच्या मजुरीवरच जगून पाहत होते. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली, तीही ज्याला कुणी हात लावत नाही ते आपण हातात घ्यायचं म्हणून. एकेक ओझं दुसऱ्याच्या पाठीवरून उतरवत गेलं की माणसाच्या गरजा आपोआप आखडतात, आणि मातीलाही उसंत मिळते. निसर्ग त्या हिशेबात असा मागच्या दारानं आला.

हा हिशेब टोकाला गेला तो 1950 मध्ये. परंधामच्या आवारात विनोबा आणि काही शिकलेले तरुण यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाची मदत घ्यायची नाही, शक्य तितकं स्वतः पिकवायचं, आणि शेतीत बैलसुद्धा वापरायचा नाही. कुदळ, फावडं आणि हात. या शेतीला ऋषिशेती असं नाव पडलं. विहीर खणली ती स्वतः, आणि तिच्यावर रहाट बसवला तोही माणसांनी फिरवायचा. दांडे धरून चौफेर फिरत राहायचं, पन्नाशी ओलांडलेल्या विनोबांनीही.

आबाजी तेव्हा विशीतले. पाहायला म्हणून गेले आणि एका दांड्याला लागले. “पाच मिनटात जीभ भायेर आली,” ते सांगायचे. एखाद्या लेखकानं इथं लिहिलं असतं की घरी परतल्यावर मोटेच्या बैलांवर चाबूक उगारायला त्यांचा हात धजावला नाही. आबाजींनी असं कधी म्हटलं नाही. ते एवढंच म्हणायचे, “पानी किती जड असते ते त्या दिवशी समजलं.”

मात्र बैल सोडण्याचा विचार त्यांना शेवटपर्यंत मान्य झाला नाही. वर्ध्याकडे पोळा म्हणजे वर्षाचा सण. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, लाकडी बैलांचा. बैल हा घरातला माणूस, तो काम करतो आणि आपण त्याला सांभाळतो, यात अन्याय कुठं आहे, असा त्यांचा सवाल. विनोबांनीही सगळ्या देशानं बैल सोडावेत असं काही सांगितलं नव्हतं. बैलांची शेती, इंजिनाची शेती आणि ही हातांची शेती अशी प्रतवारी ते लावत. थोड्या जमिनीवर हातांनी मन लावून केलं तर किती निघतं, हे त्यांना पाहायचं होतं. पण आबाजींचा खरा काटा वेगळाच होता. “आमच्यापाशी पैसा नव्हता,” ते म्हणायचे, “त्याइनं सोडला होता. मडकं दोघाइचंबी रिकामं. पन सोडनाऱ्याले कवाबी परत भरता येते.” कांचनमुक्तीवर याहून नेमका आक्षेप मी कुठल्या विद्वानाकडूनही ऐकलेला नाही. ज्या जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांनी कर्जापायी फास घेतले, तिथं पैशापासून मुक्ती हा शब्द जपूनच उच्चारावा लागतो. सावकाराच्या वहीतून नाव निघणं हीच तिथली पहिली कांचनमुक्ती.

प्रयोग रुजतो न रुजतो तोच विनोबा मार्च 1951 मध्ये पायी निघाले ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. पुढं 18 एप्रिलला पोचमपल्लीत शंभर एकरांचं पहिलं दान मिळालं आणि भूदान सुरू झालं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात काही काळ ते पवनारला थांबले, मग पुन्हा निघाले ते परतले थेट 1964 मध्ये. मधली जवळपास तेरा वर्षं माणूस चालत होता. त्या चालण्यातच, राजस्थानात असताना, 25 मार्च 1959 रोजी त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. संस्थापक हजर नसताना सुरू झालेला हा आश्रम, आणि तो बायकांचा.

यामागचा विचार त्यांनी उघड सांगितला होता. आपल्याकडे संन्यासाची, ब्रह्मजिज्ञासेची दारं स्त्रियांना जवळजवळ बंदच राहिली. शास्त्रं पुरुषांनी लिहिली, मठ पुरुषांनी चालवले. आता स्त्रियांनी स्वतः साधना करावी, अधिकारानं बोलावं, आणि ही साधना एकटीदुकटीची नसून सामूहिक असावी. मोक्षसुद्धा एकट्यानं मिळवायची चीज नाही, असं त्यांना वाटत होतं. म्हणून वेगवेगळ्या प्रांतांतून, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या ब्रह्मचारिणी इथं आल्या. नोकर नाही. शेत, स्वयंपाक, संडास-सफाई, छपाई, सगळं पाळीपाळीनं. ‘मैत्री’ हे हिंदी मासिक बहिणी स्वतः खिळे जुळवून छापत. दिवस पहाटे ईशावास्याच्या प्रार्थनेनं उघडायचा, साडेदहाला विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना.

आमची मावशीआजी तिथं गेली ती भक्तीपेक्षा हट्टानं. लग्नाची बोलणी चालली होती आणि तिला दोन दिवस तरी आपल्या मनासारखे हवे होते. कामाचं तिला काहीच वाटलं नाही. “वावरातल्या पोरीले कामाचं काय कौतिक?” ती म्हणे. उलट शहरातून आलेल्या शिकलेल्या मुली निंदायला बसल्या की पिकाबरोबर काय काय उपटायच्या, याच्या नकला ती करून दाखवायची. तिला थकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

आश्रमात प्रमुख कुणी नव्हतं. विनोबा कायमचे येऊन राहिल्यावरही कारभार बहिणींचाच राहिला. आणि तो चालायचा सर्वसंमतीनं, बहुमतानं नाही. हात वर करून मोजणी नाही. एकीचंही मन वळलं नसेल तर बाकीच्यांनी थांबायचं. वाफा कुठं घालायचा, इतक्या साध्या गोष्टीवरही दिवस जायचे. “कापूस वेचनं सोपं, बाई,” मावशीआजी सांगायची, “पन समोरचीचं मन न दुखवता ‘नाही’ म्हननं, अन् तिचं ‘नाही’ आयकून रात्री नीट झोपनं, हे लय कठीन.” काही महिन्यांत ती या एकमतानं दमली आणि घरी परतली.

तिची खरी गोष्ट यापुढची आहे. घरी बोलणी पुन्हा सुरू झाली तेव्हा बैठकीतून आत निरोप आला की ठरलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “माझं हो अजून झालं नाही.” त्या घरात बाईचं हो लागतं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आश्रमानं तिला बिघडवून पाठवलं, असं तिची आई मरेपर्यंत म्हणत राहिली. तिनं लग्न केलं, मुलं-नातवंडं पाहिली; पण तिच्या घरात शेत विकणं असो की सून आणणं, कुणा एकाचं मन नसेल तर गोष्ट लांबणीवर पडायची. भाऊबंद हसायचे. तिच्या हयातीत त्या घराच्या वाटण्या झाल्या नाहीत, एवढं मात्र खरं.

ही रीत पवनारपुरतीच नव्हती. लांझा देल वास्तो नावाचा एक इटालियन कवी 1937 मध्ये वर्ध्याला गांधींकडे आला. गांधींनी त्याचं नाव शांतिदास ठेवलं. परत गेल्यावर 1948 मध्ये त्यानं फ्रान्समध्ये एक वस्ती उभी केली. तारू, म्हणजे प्रलयातली होडी, या अर्थाचं तिचं नाव. 1954 मध्ये तो पुन्हा आला आणि विनोबांबरोबर भूदानयात्रेत चालला. साठच्या दशकात ही मंडळी दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागात ला बोरी नोबल इथं स्थिरावली. हातानं सूत, घोड्यांनी नांगरट, विजेविना घरं, आणि निर्णय एकमतानं. वर्ध्याच्या उन्हातलं बी तिकडच्या थंडीत उगवलं. पण मोठं झाड झालं नाही; शतकाच्या अखेरीस तिथली माणसंही पांगत गेली.

पवनारलाही वादळं लागली. आणीबाणीच्या काळात विनोबांच्या मौनातून बाहेर आलेला ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सत्तेनं उचलला आणि भिंतीभिंतींवर रंगवला. जयप्रकाशांना मानणाऱ्या आबाजींना ते फार लागलं. काही वर्षं ते मेळ्यालाही गेले नाहीत. त्याच सरकारच्या पोलिसांनी जून 1976 मध्ये आश्रमात येऊन ‘मैत्री’चे अंक जप्त केले, कारण गोहत्याबंदीसाठी उपोषण करण्याची विनोबांची घोषणा त्यात छापलेली होती. जगापासून बाजूला राहून शांतपणे वांगी-टमाटे पिकवणाऱ्या बहिणींच्या दारात जग असं गणवेशात येऊन उभं राहिलं. आबाजींचा राग त्यानं थोडा निवळला. “सरकारचा मानूस असता तं सरकारनं त्याचा कागद उचलला नसता,” असा त्यांनी निकाल दिला.

नोव्हेंबर 1982 मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि 15 तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. धामच्या काठी त्यांना अग्नी दिला तो आश्रमातल्याच एका बहिणीनं. त्या गर्दीत माझी आजीही होती. बाईच्या हातची चिता तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली. घरी येऊन ती म्हणाली, “आता कोनाले सांगाची सोय राहिली नाही का बाईनं मसनात जाऊ नये.”

आज आश्रमातल्या बहुतेक बहिणी वयस्क आहेत आणि नव्या फार येत नाहीत. या गोष्टीचा हळवा शोक करण्यात मला अर्थ वाटत नाही. विनोबांनी 1956 मध्ये तामिळनाडूतल्या पळणीला भूदानाच्या समित्या आणि साठवलेला निधी दोन्ही विसर्जित करायला लावलं होतं. संस्था टिकली म्हणजे विचार टिकला, असं त्यांनी कधी मानलं नाही. टिकण्याचा हिशेब करायचाच तर तो सुरगावच्या एका खड्ड्यापासून आणि मावशीआजीच्या न झालेल्या वाटण्यांपासून करावा लागेल, आणि असा हिशेब कुठल्याच अहवालात बसत नाही.

हल्ली माझ्या ओळखीची मंडळी मिळून जमीन घेतात. शहर सोडून, निसर्गाला धरून, ध्यानधारणा करत एकत्र राहायचे बेत आखतात. नकाशे सुंदर असतात: मातीची घरं, सौर दिवे, विषमुक्त भाजी. मी विदर्भातली, पवनारजवळची, म्हणून माझं मत विचारतात. मी माझ्या तिन्ही म्हाताऱ्यांचे तीन प्रश्न पुढं करते. पाणी कोण ओढणार? संडास कोण साफ करणार? आणि तुमच्यातल्या एकाचं ‘हो’ आलं नाही तर बाकीचे थांबणार का? तिसऱ्या प्रश्नावर बरीच चर्चा होते. पहिल्या दोनांचं उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी लगेच येतं: त्यासाठी गावातलं एक जोडपं ठेवू, राहायला खोली देऊ. मग मी म्हणते, जरूर ठेवा, पगार चांगला द्या. पण निसर्गाशी जुळवून घेणारं तुमच्या वस्तीत कोण राहतं असं कुणी विचारलं, तर त्या जोडप्याचं नाव सांगा.